भाला हातात येण्याआधी: सिडनीतल्या एका स्पिअरफिशिंग कोर्सबद्दल

सिडनीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. एका श्वासात खाली जायचं आणि भाल्याने मासा मारायचा, म्हणजे फ्रीडायव्हिंग करत स्पिअरफिशिंग, हे शिकवणारा कोर्स मी या उन्हाळ्यात केला. शाळा लहान आहे. एक बाई फ्रीडायव्हिंग शिकवतात, त्यांचा सहकारी भाला आणि मासे बघतो. खाली काही तक्रारी आहेत, म्हणून शाळेचं नाव देत नाही. शिवाय अशा कोणत्याही कोर्समध्ये काय असायला हवं, हेच मला जास्त सांगायचं आहे.

शुल्क साडेपाचशे डॉलर. त्यात शुक्रवारची संध्याकाळ वर्गात, शनिवारी स्विमिंग पूल आणि मॅनलीचा किनारा, रविवारी दक्षिणेकडच्या खडकाळ किनाऱ्यावर समुद्रात. वेटसूट, फिन्स, मास्क, वजनाचा पट्टा, भाला सगळं शाळेचं. मासेमारीचं सरकारी शुल्क मात्र आपलं आपण भरायचं. वर्षाचे ३५ डॉलर होतात आणि गळ असो की भाला, इथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात मोठ्या माणसाला ते भरावंच लागतं. पावती फोनमध्ये असल्याशिवाय शाळा पाण्यात उतरू देत नाही. हे मला पहिल्या मिनिटालाच आवडलं.

मी मूळची वेंगुर्ल्याची. मासा ताजा आहे की कालचा, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं, आणि नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होडी लोटायची नाही हे कोणी वेगळं शिकवावं लागत नाही. पोटासाठी इथल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात नर्स आहे. त्यामुळे मी हा कोर्स दोन डोळ्यांनी बघत होते: ही मंडळी माशाशी कशी वागतात, आणि माणसाच्या श्वासाशी कशी.

श्वासाचं आधी सांगते, कारण शुक्रवारची पूर्ण संध्याकाळ त्यातच गेली आणि भाल्याचा उल्लेखही झाला नाही. काही जण चुळबुळत होते. मला मात्र तिथेच पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

न्यू साउथ वेल्समध्ये स्कूबाची, म्हणजे पाठीवरच्या हवेची, टाकी लावून भाल्याने मासे मारायला मनाई आहे. म्हणजे जे काही करायचं ते छातीत भरून घेतलेल्या हवेवर. आता आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपत आला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. खाली जाण्याआधी भराभरा, खोल खोल श्वास घेतले की ऑक्सिजन जवळपास तेवढाच राहतो, पण कार्बन डायऑक्साइड मात्र उडून जातो. मग खाली गेल्यावर श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणसाला वाटतं, आज काय छान जमतंय! तोवर ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली गेलेला असतो. यूट्यूबवर बघून शिकलेली पोरं नेमकं हेच करतात.

दुसरी गोष्ट दाबाची. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि छातीतली हवा निम्म्या जागेत मावते. त्या दाबामुळे उरलासुरला ऑक्सिजनही रक्तात जात राहतो, म्हणून तळाशी बरं वाटतं. वर येऊ लागलं की दाब निम्म्यावर उतरतो आणि त्याबरोबर ऑक्सिजनचा जोरही पडतो. म्हणून शुद्ध हरपते ती बहुतेकदा तळाशी नव्हे, तर शेवटच्या काही मीटरमध्ये, किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर. एखाददुसरा श्वास घेऊन झाल्यावरसुद्धा! बाईंनी हे फळ्यावर आकृती काढून समजावलं, घाई केली नाही, आणि मागच्या रांगेतल्या मुलाने विचारलेला प्रश्न पहिल्या रांगेपर्यंत पोचेल असा पुन्हा सांगितला. मी दिवसरात्र रुग्णांच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर बघते. तो आकडा शरीरात जे घडतंय त्याच्या थोडा मागेच असतो. पाण्यात तर तेवढाही आकडा नाही. तिथे मॉनिटर म्हणजे बडीचे, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराचे, डोळे.

म्हणून या शाळेचा कायदा असा: दोघांत एकच भाला. एक खाली, तेव्हा दुसरा वर, आणि वरच्याने फक्त खालच्याकडे बघायचं. खालचा वर आल्यावर ३० सेकंद त्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवायची नाही. वर येणाऱ्याने आधी तीन-चार दमदार श्वास घ्यायचे, मग खूण करायची, मग बोलायचं. जितका वेळ खाली होता त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती. स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी, तोंडात धरून खाली जायचं नाही, कारण शुद्ध गेलीच तर पाणी आत यायला ती वाट होते. पट्ट्यावर वजन इतकंच की सगळा श्वास सोडला तरी माणूस वर तरंगत राहावा, आणि पट्टा एका झटक्यात सुटणारा हवा. रुग्णालयात आम्ही तपासणीच्या यादीवर जितका भर देतो, तितकाच भर इथे होता.

शनिवारी सकाळी पूलमध्ये या सगळ्याचा सराव झाला. बेशुद्ध पडलेल्याला वर आणायचं, वजनाचा पट्टा काढून टाकायचा, तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, गालावर फुंकर, हलकी थाप, नावाने हाक. तरीही श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास द्यायचा. प्रत्येकाने प्रत्येकाला वर काढलं. नव्वद किलोच्या माणसाला मी वर काढू शकते हे कळल्यावरच त्याची बडी होणं मला पटलं. घरी सराव करायचा तर सोफ्यावर पडून, कोरड्यात. एकट्याने पूलमध्ये श्वास रोखून बसायचं नाही, मग पूल कंबरभर का असेना. हे वाक्य बाईंनी इतक्या वेळा म्हटलं की आता माझ्या तोंडून तसंच्या तसं येतं.

दुपारी मॅनलीला, शेली बीचवरून कॅबेज ट्री बे मध्ये. २००२ पासून हा संरक्षित भाग आहे आणि इथे काहीच मारता, धरता किंवा उचलता येत नाही. मासेमारीच्या कोर्समध्ये मासेमारीला बंदी असलेल्या पाण्यात नेतात, हे ऐकून दोघातिघांनी भुवया उंचावल्या. मला विचाराल तर अख्ख्या कोर्समधला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच. हातात काही नाही, म्हणून डोळे मोकळे. काळसर उभे पट्टे असलेल्या, शेवाळ खाणाऱ्या लुडरिक माशांचे थवे अगदी जवळून बघायला मिळाले. लाल मॉर्वाँग मासा कपारीपाशी ठिय्या देऊन बसलेला. वाळूवर चिकटल्यासारखा पडलेला वॉबेगाँग शार्क. आणि निळा ग्रोपर, जो माणूस दिसला की लपायच्या ऐवजी जवळच येतो.

या ग्रोपरपाशी शिक्षक थांबला. हा मासा आधी मादी म्हणून वाढतो, तपकिरी-लालसर असतो. पुढे त्यातल्या काहींचे नर होतात आणि रंग निळा होतो. म्हणजे खडकावरचा मोठा निळा मासा मारला तर त्या घरातला नरच गेला. तो समुद्री साळू, म्हणजे अर्चिन, फोडून खातो, आणि अर्चिन माजले की खडकावरचं शेवाळ साफ होऊन खडक उघडे पडतात. न्यू साउथ वेल्सचा हा राज्यमासा. भाल्याने तो मारायला १९६९ पासून बंदी आहे. तरी २०२३ च्या डिसेंबरात क्रोनुला भागातल्या ओक पार्क किनाऱ्यावर एकाने तिथल्या लोकांच्या रोजच्या ओळखीचा ग्रोपर भाल्याने मारला. माणसं हळहळली, संतापली, आणि २०२४ मध्ये गळाने धरायलाही बंदी आली. शिक्षकाने हे सांगताना त्या माणसाला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, “ओळखता आला नाही, तर मारायचा नाही. शंका आली, तरी मारायचा नाही.”

भाल्याचं खरं वेगळेपण इथेच आहे. गळाला लहान मासा लागला तर निदान सोडता येतो. भाला लागलेला मासा परत पाण्यात सोडून काही उपयोग नाही. म्हणजे मोजमाप भाला सुटायच्या आधी, डोळ्यांनीच व्हायला हवं, आणि मास्कच्या काचेतून पाण्यात प्रत्येक गोष्ट सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, आणि आहे त्याहून जवळही. लुडरिकची किमान लांबी २७ सेंटिमीटर. २२ सेंटिमीटरचं पिल्लू पाण्यात तीसच्या आसपास दिसतं! यासाठी या शाळेने जे केलंय ते मी कुठे वाचलंही नव्हतं. प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापलेले वेगवेगळ्या लांबीचे मासे पूलच्या तळाशी ठेवले होते. आपण वरून बघायचं, खाली जायचं, जवळून बघायचं, वर येऊन आकडा सांगायचा. सुरुवातीला सगळ्यांचे आकडे फुगलेले. तासाभराने फरक दोन-तीन सेंटिमीटरवर आला. मग शिक्षक म्हणाला की या दोन-तीन सेंटिमीटरचाही फायदा माशाला द्यायचा: तुमच्या अंदाजाने तिसाच्या खाली असेल, तर तो लुडरिक तुमचा नाही. भाल्याच्या दांड्यावर २७, ३० आणि ६५ वर रंगीत पट्टी मारायला लावली. ६५ किंगफिशसाठी, जो आमच्यातल्या कोणाच्या नशिबात नव्हता, पण खूण असलेली बरी.

संध्याकाळी परत येताना थोडा इतिहास झाला. सिडनीत भालेवाल्यांची संघटना १९४८ ची आहे. त्या काळातल्या आणि पुढच्या पिढीने ग्रे नर्स शार्क नरभक्षक समजून भाल्यांनी आणि स्फोटक टोकांनी इतके मारले की पूर्व किनाऱ्यावर ते दिसेनासे होत चालले. १९८४ मध्ये न्यू साउथ वेल्सने त्यांना संरक्षण दिलं. कायद्याने संरक्षण मिळालेला जगातला तो पहिला शार्क. आणि १९६५ मध्ये ताहितीत स्पिअरफिशिंगचं जगज्जेतेपद जिंकलेला रॉन टेलर पुढे भाला ठेवून कॅमेऱ्याकडे वळला आणि बायको व्हॅलेरीबरोबर आयुष्यभर शार्कच्या बाजूने उभा राहिला. मी या दोघांबद्दल पूर्वी ऐकलं होतं, पण ते भालेवाले होते हे माहीत नव्हतं. भाला शिकवणारा माणूस आपल्याच खेळाची काळी बाजू उलगडून सांगतो, यावरून शाळा कशी आहे ते कळलं.

रविवार समुद्राचा. सुरुवातीला भाला सोडणारी बंदूक (स्पिअरगन) देत नाहीत. रबराचा फास हाताने ताणून सोडायचा लांब भाला देतात, ज्याला इथे पोल स्पिअर म्हणतात. त्याचा पल्ला इतका कमी की माशाच्या अगदी जवळ जावंच लागतं. दुरून नेम धरून मासा जखमी करायचा आणि तो कपारीत जाऊन मरायचा, हा प्रकार बराच टळतो. खाली माणूस आहे हे सांगणारा निळा-पांढरा झेंडा लावलेला फ्लोट, म्हणजे तरंगता बोया, प्रत्येक जोडीबरोबर. मारलेला मासा कमरेला लटकवायचा नाही, फ्लोटवर ठेवायचा, म्हणजे रक्ताच्या वासाने कोणी आलंच तर ते आपल्या अंगाशी येणार नाही. बंदूक दुपारी दाखवली: पाण्यातच ताणायची, पाण्यातच उतरवायची, आणि भरलेली असो वा नसो, टोक कधीही माणसाकडे नाही. खुल्या समुद्राच्या वाळूच्या किनाऱ्यांवर दोन्ही टोकांचे वीस-वीस मीटर सोडले तर मधल्या भागात स्पिअरफिशिंगला बंदीच आहे, हेही तिथेच वाळूवर पावलं मोजून दाखवलं.

समुद्रातला एक सराव मात्र प्रत्येक शाळेने करून घ्यायला हवा. साताठ मीटरवर भाला ताणून नेम धरायचा, समोर शिक्षकाने धरलेला प्लॅस्टिकचा मासा, आणि बडीने वरून दोरीला झटका दिला की भाला तिथेच सोडून वर यायचं. मारायचं नाही, ‘एक सेकंद’ म्हणायचं नाही. नुसतं फ्रीडायव्हिंग करणारा आपल्या शरीराचं ऐकून वर येतो. मासेमाराचं लक्ष माशावर असतं, आणि मासा समोर असताना शरीराचं ऐकू येत नाही. कपारीत अडकलेला मासा ओढायला थांबलेली माणसं वर येत नाहीत, असं बाई म्हणाल्या. भाला फ्लोटच्या दोरीला बांधलेला असतो, तो कुठे जात नाही. हा सराव मी मुद्दाम जास्त वेळा मागून घेतला आणि त्यांनी दिला.

मी एक लुडरिक आणला. फूटपट्टीवर ३१ भरला.

आता तक्रारी. समुद्रात एका शिक्षकामागे सहा जण होते. वर्गात सहा चालतात, पण लाटांमध्ये तीन जोड्यांवर एका माणसाची नजर पुरत नाही. मी तिथेच बोलले तेव्हा त्यांनी दोन गट करून आळीपाळीने पाण्यात उतरवलं. ते चांगलंच झालं, पण प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ कमी झाला. चारच घ्यावेत आणि शुल्क वाढवावं. मी भरेन. वेटसूट बायकांच्या मापाचे नव्हते. माझ्या खांद्यापाशी आणि कमरेपाशी पाणी खेळत होतं, आणि थंडीने कुडकुडणारं शरीर ऑक्सिजन जास्त जाळतं, त्यामुळे ही केवळ सोयीची गोष्ट नाही. नियमांचा कागदही जुन्या छपाईचा होता. शिक्षकाने तोंडी दुरुस्त्या सांगितल्या, पण सरकारचं फिशस्मार्ट ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये तिथेच उतरवून घ्यायला हवं होतं, कारण मापं आणि दिवसाची मर्यादा बदलत राहते.

सगळ्यात मोठी उणीव शेवटच्या तासात. मासा मारल्यावर त्याला क्षणात कसं संपवायचं हे एकाच माशावर, घाईघाईत दाखवलं, कारण भरती चढत होती. डोळ्याच्या मागे वर मेंदूत सळई, मग कल्ल्यांपाशी कापून रक्त काढायचं, मग बर्फाच्या पाण्यात. ज्याने माझ्यासाठी जीव दिला तो तडफडत राहू नये यासाठी प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी व्हायला हवं. लुडरिकचं तर हे नीट झालं नाही तर चवही बिघडते. तो शेवाळ खाणारा. रक्त लगेच काढलं नाही आणि पोटाच्या आतली काळी पातळ कातडी खरवडली नाही, तर सगळ्या घराला शेवाळाचा वास. इथले पुष्कळ लोक त्याला बेचव म्हणून हिणवतात, ते याचमुळे. मी खडकावरच पोट साफ केलं, घरी येऊन साल काढली आणि तिरफळं घालून तिखलं केलं. डोक्याचं सार. घट्ट, पांढरं मांस, आणि तिरफळाला छान उभं राहतं.

खाण्याचंच निघालंय तर एक महत्त्वाचं: सिडनी हार्बर ब्रिजच्या पश्चिमेकडचा मासा खाऊ नका, असा सरकारी सल्ला आहे. जुन्या कारखान्यांचं डायॉक्सिन अजून गाळात आहे. पुलाच्या पूर्वेकडचा मासाही बेतानेच खायला सांगतात. कोर्समध्ये हे सांगितलं, पण जाता जाता. लहान मुलं असलेल्या घरांसाठी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात हवं.

कोणी करावा? पोहणं चांगलं येत असेल आणि कान-सायनसचा त्रास नसेल, त्यांनी. दमा, हृदयाचा काही आजार किंवा कधी फीट आली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. शाळेच्या फॉर्मवर खरं लिहा. दुसऱ्या कोणत्या शाळेत जात असाल तर फोनवर इतकंच विचारा की समुद्रात एका शिक्षकामागे किती जण असतात आणि बेशुद्ध माणसाला वर काढायचा सराव प्रत्येकाकडून करून घेता का. उत्तर द्यायला वेळ लागला तर पैसे भरू नका. भारतातून विचारणाऱ्यांसाठी: अंदमानात हॅवलॉकला फ्रीडायव्हिंगच्या शाळा आहेत. या कोर्समधलं श्वासाचं आणि बडीचं सगळं तिथे भाल्याशिवाय शिकता येतं, आणि मी आधी तेच शिका म्हणेन.

मी कोर्सनंतर मास्क, मापाचा वेटसूट, फ्लोट आणि झेंडा घेतला. बंदूक घेतलेली नाही. नवऱ्याने पुढच्या तुकडीत नाव घातलं आहे, कारण त्याने तो बेशुद्ध माणूस वर काढायचा सराव केल्याशिवाय मी त्याच्या भरवशावर खाली जाणार नाही. तो झाला की दोघं जाऊ, आणि भाला एकच नेऊ.